नैरोबीतला स्वर्गीय नर्तक: याचं गाणं आपल्याकडच्यासारखंच असतं का?

पारिजात_नैरोबी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपासून आम्ही नैरोबीत राहतो. घर जुनं आहे, मागे बऱ्यापैकी मोठं आवार, दोन जॅकरांडा, एक बॉटलब्रश आणि कुंपणाला बोगनवेल. पहाटे हाडाडा ओरडत जातात (आपल्या शराटीचा इकडचा भाऊ, नाव तसंच ओरडणं, गजर लावायची गरजच नाही) आणि मग उजाडलं की बॉटलब्रशमधून एक खरखरीत आवाज यायचा, 'झ्वी-झ्वेर, झ्वी-झ्वेर', कुणीतरी चिडून दटावतंय असा. कित्येक महिने मी तो बुलबुलाचा समजत होते. त्याच झाडातून मधूनच एकदम गोड शीळ यायची, 'ट्वी-ट्वी-वू-वू-वू-वू', पायऱ्यांवरून घरंगळत खाली आल्यासारखी. ती मी दुसऱ्याच कुठल्यातरी पक्ष्याच्या नावावर टाकली होती.

मग मार्चमधे पहिला दणकून पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाळवीचे पंखवाले किडे अंगणभर उडत होते आणि मी कपडे वाळत घालत होते, तर दोरीवर दोन टॉवेलांच्या मधे हा येऊन बसला. माझ्यापासून चार हातांवर! अगदी ताठ बसतो, पाय इतके आखूड की दिसतच नाहीत. डोकं काळं, त्यावर निळसर झाक, मागे छोटासा तुरा. डोळ्याभोवती निळी कड, अशी निळी की दौतीत बुडवून काढल्यासारखी, चोचही निळीच. पाठ आणि पंख विटकरी, पंखावर ठसठशीत पांढरा पट्टा, पोट गडद राखाडी. आणि ती शेपटी! अंगाएवढीच लांब दोन विटकरी पिसं, वारा अजिबात नव्हता तरी टोकं हलत होती. चोच उघडली आणि तोच 'झ्वी-झ्वेर' आला, मग उडून हवेतच एक किडा टिपला, परत दोरीवर, आणि मग तीच शीळ. दोन्ही आवाज एकाचेच! मी हातातला चिमटा तसाच धरून उभी.

लेक म्हणाली आई हा तर स्वर्गीय नर्तक. तर माझे प्रश्न असे. हा आपल्याकडचाच का वेगळा? मी भारतात असताना एकदाच बघितला होता, तोही लांबून, त्याचं गाणं काही ऐकल्याचं आठवत नाही. आपल्याकडचा असाच गातो का? आणि आपल्याकडे पांढरेशुभ्र नर असतात तसे इथे मला एकही का नाही दिसला?

चहाबाज:
फोटो नाही तर धागा नाही ;)

पारिजात_नैरोबी:
@चहाबाज, फोटो आहे पण त्यात टॉवेल छान आलाय आणि पक्षी अर्धा. पुढच्या वेळी नक्की.

रानवाटा:
ताई, काय सुंदर लिहिलंय, पक्षी समोर बसला माझ्या. उत्तर देतो.

हा आपला नाही पण आपल्याचा सख्खा चुलतभाऊ. आपला टर्प्सिफोनी पॅराडिसी, तुमचा टर्प्सिफोनी व्हिरिडिस, दोघं एकाच प्रजातीतले म्हणजे एकाच आडनावाचे. सहारा वाळवंटाच्या खाली जवळजवळ सगळ्या आफ्रिकेत तो आहे, जिथे झाडी आहे तिथे, अगदी नदीकाठच्या पट्ट्यापासून बंगल्यांच्या बागांपर्यंत. ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे पोट. आपल्याकडच्या विटकरी नराचं पोट पांढरं असतं, तुमच्याकडच्याचं गडद. शेपटी सोडली तर अंग साधारण १७ सेंटीमीटर, म्हणजे बुलबुलापेक्षा थोडं लहानच, आणि शेपटी धरली की दुप्पट. मादीला लांब शेपटी नसते, रंग थोडा फिका.

पांढऱ्याबद्दल जाणकार सांगतीलच. गाण्याबद्दल मी जरा विचार करून लिहितो, कारण खरं सांगायचं तर मी सिंहगडाच्या दरीत याला पंधरा वर्षं बघतोय आणि माझ्या कानात फक्त तो खरखरीत आवाजच आहे.

जोबर्गकर:
आमच्या जोहान्सबर्गच्या बागेतही हा येतो, आफ्रिकान्स भाषेत पॅराडिसफ्लीफांगर म्हणतात. पण ताई, एक गोष्ट खटकली. पंखावर पांढरा पट्टा? मी इथे दहा वर्षांत शंभरदा तरी बघितलाय, पंख पूर्ण विटकरी असतात, पांढरं काही नसतं. चार हातांवर असला तरी पक्षी सेकंदभरच दिसतो, मागे पांढरा टॉवेल होता म्हणताय, गल्लत झाली असेल का?

आणि हा आमच्याकडे बारा महिने नसतो. सप्टेंबरच्या सुमाराला आवाज सुरू होतो, एप्रिलपर्यंत गायब. तिकडे डर्बनच्या किनाऱ्याला मात्र थंडीतही राहतो.

पारिजात_नैरोबी:
@जोबर्गकर, टॉवेल पिवळा होता :) पट्टा होता, आज सकाळी परत बघितला, मिटलेल्या पंखावर लांबट पांढरा, उडताना तर आणखीच उठून दिसतो. मादीला मात्र नाही. आता तुमचं ऐकून मीच गोंधळले.

रानवाटा:
दोघंही बरोबर आहात. या एका पक्ष्याच्या आफ्रिकेत बऱ्याच उपजाती आहेत आणि पंखावरचं पांढरं हा त्यातलाच एक मोठा फरक आहे. पूर्व आफ्रिकेतल्या नराला पांढरा पट्टा असतो, दक्षिणेतल्याला नसतो. जोबर्गकर, तुम्ही नैरोबीला गेलात तर तुम्हाला तो वेगळाच पक्षी वाटेल, आणि ताई जोबर्गला गेल्या तर त्या म्हणतील याचा पट्टा कुणी पुसला.

जोबर्गकर:
अरे वा. हे माहीत नव्हतं. ताई, शब्द मागे घेतो आणि पट्टा परत करतो.

सुगरण_कोथरूड:
वाचतेय. पक्ष्यांतलं काही कळत नाही पण एक मनात आलं ते विचारते, रागावू नका. स्वर्गीय नर्तक म्हटलं की मला वाटतं नर्तक वारला. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर 'स्वर्गीय' असं फक्त एकाच प्रकारच्या निवेदनात येतं.

चहाबाज:
@सुगरण =)) =)) ऑफिसात जोरात हसलो. पक्षीनिरीक्षक फोन करून सांगत असतील, 'स्वर्गीय नर्तक दिसले' आणि समोरचा म्हणणार, कधी गेले?

मोहोळकाका:
हसून झालं असेल तर नावाबद्दल थोडं लिहितो, कारण या पक्ष्याच्या नावात या धाग्याचं निम्मं उत्तर आहे. मी पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा जरा लांबेल.

सगळ्यात आधी, इंग्रजीत याला पॅराडाइज फ्लायकॅचर म्हणतात, म्हणजे माशीमार, पण हा खरा माशीमार नाहीच. खरे माशीमार वेगळ्या कुळातले. पारिजात, तुझ्या बागेत एक राखाडी, डोळ्याभोवती जाड पांढरी कड असलेला, शांतपणे कुंपणावर बसून राहणारा पक्षी असेल, तो खरा माशीमार. हा आपला शेपटीवाला मोनार्क कुळातला, आणि ते कुळ नात्याने कोतवाल आणि नाचण यांच्या जवळचं. आणखी मागे गेलात तर खाटीक आणि कावळेसुद्धा यांच्याच भावकीत निघतात. त्याची बसण्याची ढब आठव, ताठ, उघड्या फांदीवर, खाटकासारखी. आणि तो खरखरीत आवाज ऐकताना कोतवाल आठवत नाही का? उडत्या किड्यावर झेप घ्यायची आणि परत जागेवर यायचं ही सवय माशीमारांनी आणि यांनी आपापली कमावली, म्हणून जुन्या लोकांनी दोघांना एकाच पेटीत ठेवलं. १७७६ साली म्यूलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने या आफ्रिकन पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय नाव ठेवलं तेव्हाही माशीमारांतच घातला होता. व्हिरिडिस म्हणजे हिरवा. विटकरी पक्ष्याला हिरवा का म्हणावं? माझ्या मते डोक्यावरच्या काळ्या रंगाची जी झाक आहे ती तिरप्या उन्हात हिरवट दिसते, त्यावरून.

आणि आता मुद्दा. पुढे १८२७ मधे ग्लोगर यांनी यांची वेगळी प्रजाती केली आणि नाव दिलं टर्प्सिफोनी. ग्रीकमधून आलंय. टर्प्सि म्हणजे आनंद देणारं, फोनी म्हणजे आवाज. शेपटीवरून नाही, रंगावरून नाही, आवाजावरून नाव! जग शेपटीवरून ओळखतं आणि नाव आहे 'ज्याच्या आवाजाने आनंद होतो तो'.

पारिजात_नैरोबी:
काका, अंगावर काटा आला. तो राखाडी पक्षी आहे हो! रोज नळाजवळच्या खांबावर असतो, मी त्याला 'चष्मेवाला' म्हणते.

लेकीला टर्प्सिफोनीचा अर्थ सांगितला. ती म्हणे शाळेत स्वाहिलीत पक्ष्याला 'न्देगे' शिकवतात आणि विमानालाही न्देगेच. तिच्या मते आमचा न्देगे शेपटीसकट खरंच विमान दिसतो.

निशिगंधा:
+१ काका. वाचनखूण साठवली.

वऱ्हाडी_बाप्पा:
बाप्पा, आता मले बोलू द्या. पुण्याच्या लोकायनं याचं गाणं काऊन ऐकलं नाही ते मी सांगतो. सिंहगडावर हा येते हिवाळ्यात. हिवाळ्यात त्याले गायचं कामच काय? ना घर ना बायको, खाते पिते आन कोणी जवळ आलं का खेकसते. गाणं असते घरटं करायच्या टायमाले. आमच्या मेळघाटात मे जूनमधे नाल्याच्या काठानं चाला, सावलीत, तिथं ऐकू येते. मी फॉरेस्टात होतो नोकरीले, आता रिटायर. एका उन्हाळ्यात पाणवठ्याच्या मोजणीले बसलो होतो दिवसभर मचाणावर, खाली डबक्यावर आंब्याची फांदी झुकलेली आन त्यावर याचं घरटं. पांढरा नर. पिंजलेला कापूस फांदीवर टाकल्यासारखा दिसे. दुपारी सारं जंगल चूप, आन हा घडीघडी तीच शीळ घाले. पारिजातताईनं लिहिलं तसंच, गोल गोल, लहानशी. कोकिळेसारखं लांबवत नाही, बुलबुलासारखं बडबडत नाही.

रानवाटा:
बाप्पा, दंडवत! हेच माझ्या डोक्यात येत होतं पण नीट मांडता येईना. आम्ही पुणेकर त्याला पाहुणा म्हणून बघतो, पाहुणा काही गात नाही. पारिजातताईंकडे तो घरचाच आहे, वर्षभर राहतो, पावसात घरटं करतो, म्हणून त्यांना दोन्ही आवाज मिळतात. म्हणजे गाणं आफ्रिकन आणि भारतीय असा फरक दिसतोय तो निम्मा तरी ऋतूचा आहे.

मालवण_ते_मोम्बासा:
पांढऱ्याचं मी सांगतो. जहाजाच्या कामामुळे मोम्बासात सात वर्षं काढली. सुट्टी मिळाली की त्सावोच्या अभयारण्यात. तिथे व्होईजवळ नदीच्या काठी, बाभळींत, पहिल्यांदा बघितला पांढरा नर, आणि मग एका सकाळी तीन. डोकं काळं, पाठ आणि शेपटी दुधासारखी. केनियात पांढरे नर पूर्वेकडच्या कोरड्या, कमी उंचीच्या भागात जास्त दिसतात. नैरोबी पडली सतराशे मीटर उंचावर, तिथे विटकरीच. म्हणून तुम्हाला दिसत नाही. रेल्वेने त्सावोला जाऊन या, उतरल्यापासून तासाभरात दिसेल असं म्हणत नाही पण दिसेल.

जोबर्गकर:
आमच्याकडे दक्षिणेत पांढरा नाहीच. कुठेच नाही. मी तर पांढरा म्हणजे भारतीय असंच समजायचो.

सुगरण_कोथरूड:
पण मग पांढरा म्हणजे म्हातारा का? माझ्या मामांनी सांगितलेलं की हा पक्षी आधी तांबडा असतो आणि वय झालं की पांढरा होतो, माणसाच्या केसांसारखा.

मोहोळकाका:
सुगरणताई, तुमच्या मामांचं भारतीय पक्ष्याबाबत अगदीच चूक नाही. आपल्याकडे कोवळे नर विटकरी असतात आणि पुढे पांढरे झालेले सापडतात, पण लांब शेपटीचे, पिल्लं वाढवणारे, पूर्ण वयात आलेले विटकरी नरही असतात. तेव्हा केस पिकण्यासारखं सरसकट नाही. आफ्रिकन पक्ष्याच्या बाबतीत तर पांढरा हा रंगाचा प्रकार आहे, जसे एकाच घरात घारे आणि काळे डोळे. काही भागात तो प्रकार आहे, काही भागात नाही. मादागास्करच्या जातीतही विटकरी आणि पांढरे दोन्ही नर असतात. म्हणजे या खानदानातच हा पांढरा रंग अधूनमधून डोकं वर काढतो.

सलालाहची_चेटकीण:
मी ओमानहून. अरबस्तानातही आहे बरं का हा, आणि आपला भारतीय नाही, आफ्रिकनच! सलालाहला, धोफारच्या डोंगरात. बाकीचा ओमान रखरखीत पण जून ते सप्टेंबर तिथे खरीफ असतो, समुद्रावरून धुकं आणि बारीक पाऊस, डोंगर कोकणासारखे हिरवे. आम्ही मस्कतहून दरवर्षी जातो, सगळी मराठी मंडळी पावसाला आसुसलेली. आयन हमरान नावाचा झरा आहे, तिथे चिंचेच्या नि अंजिराच्या झाडांत तो खरखरीत आवाज ऐकला आणि मला वाटलं कर्नाळ्यातच आले. आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवत होते, तिला पक्षी काही दिसला नाही पण ती म्हणाली, 'अगं तिकडे पाऊस पडतोय?' आणि बराच वेळ पाऊसच बघत बसली.

चहाबाज:
मस्त धागा चाललाय. एक प्रॅक्टिकल सल्ला: ताई, झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या साइटवर याची ढीगभर रेकॉर्डिंग आहेत, मोबाइलवर मोठ्याने लावा, नर दोन मिनिटांत समोर येईल, फोटो पक्का. मी इकडे दयाळला असाच बोलावतो.

रानवाटा:
@चहाबाज, हे नका करू भाऊ. आणि ताई, तुम्हीही नका करू. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. सगळं सोडून तो त्या आवाजाशी भांडायला येतो, घरट्याचा काळ असेल तर अंडी उघडी पडतात, पिल्लं उपाशी राहतात. एका फोटोसाठी त्याची सकाळ वाया जाते. सिंहगडाच्या दरीत शनिवार रविवारी हे इतकं होतं की मी त्या दिवशी जाणंच सोडलं.

चहाबाज:
एकदा लावल्याने काय होतंय असं मला वाटायचं. दयाळ येतो, बघतो, जातो.

वऱ्हाडी_बाप्पा:
तुमच्या दाराशी रात्री येऊन कोणी तुमच्याच आवाजात हाका मारल्या तर तुमाले झोप लागन काय?

चहाबाज:
बाप्पा, पटलं. नाही लावणार.

मॉरिशसवाली:
नमस्कार, मी मॉरिशसहून लिहिते. माझी मराठी तुमच्यासारखी नाही, घरी क्रिओल बोलतो, पण आमचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर आले आणि आजोबांनी मराठी शिकवली. आमच्या बेटावर या पक्ष्याचा भाऊ आहे. आम्ही त्याला कॉक दे ब्वा म्हणतो, म्हणजे रानातला कोंबडा, पण हाताच्या मुठीत मावेल एवढा. डोकं चकचकीत निळं काळं, पाठ तांबडी, पोट राखाडी. पण शेपटी लांब नाही! नराची पण नाही. मॉरिशस आणि रियुनियन सोडून हा जगात कुठे नाही. जुनं रान फार थोडं राहिलं म्हणून तो पण कमी झाला. ब्रा द'ओच्या रानात मी वडिलांबरोबर जाते, तो जवळ येतो, घाबरत नाही, चेहऱ्यासमोर किडा पकडतो. मला वाटते शेपटी नाही म्हणून लोक त्याला बघायला येत नाहीत. पण आवाज गोड आहे.

पारिजात_नैरोबी:
@मॉरिशसवाली, तुमची मराठी सुरेख आहे. आणि शेवटचं वाक्य मला फार लागलं. लिहीत राहा इथे.

मोहोळकाका:
मॉरिशसवालीचं वाचून सेशेल्स बेटांवरचा आठवला. तिथला नर पूर्ण काळा, लांब शेपटीचा, फ्रेंचमधे त्याला 'व्हव' म्हणतात, म्हणजे विधवा. हा जवळजवळ ला दिग नावाच्या एकाच छोट्या बेटावर उरला होता. एका बेटावर असणं म्हणजे एक वादळ, एक रोग, की संपलं. म्हणून २००८ मधे २३ पक्षी डेनिस नावाच्या दुसऱ्या बेटावर नेऊन सोडले आणि तिथे त्यांनी पिल्लं काढली. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर हाच वंश सगळीकडे बागडतोय आणि बेटांवर त्याचे भाऊ मोजण्याएवढे. आपल्या दोरीवर येऊन बसतो तो किती नशीबवान, आपण किती नशीबवान.

निशिगंधा:
अवांतर: कुणी शराटीचा वेगळा धागा काढा ना, हाडाडाबद्दल ऐकायचंय.

पारिजात_नैरोबी:
धागा वर काढतेय, कारण बातमी आहे. घरटं!

बॉटलब्रशच्या खाली लोंबणाऱ्या फांदीवर, दोन माणसं उभी राहतील एवढ्या उंचीवर. तीन आठवडे मी त्याच झाडाखालून जात होते, दिसलं नाही. दिसलं ते शेपटीमुळे. नर अंड्यांवर बसला होता! मला वाटायचं हे काम मादीचंच, पण दोघं आळीपाळीने बसतात. घरटं केवढं, तर आमटीच्या वाटीपेक्षा लहान, त्यात त्याचं अंग कसंबसं मावतं आणि ती दोन लांब पिसं काठावरून खाली लोंबतात. जिन्यातल्या खिडकीतून दुर्बीण लावली. बाहेरून सगळीकडे कोळ्याचं जाळं गुंडाळलेलं, त्यावर दगडफुलासारख्या राखाडी हिरव्या शेवाळाचे तुकडे एकेक करून चिकटवलेले, त्यामुळे फांदीचाच गाठाळ भाग वाटतो. दगडफूल आपण मसाल्यात घालतो, याने भिंतीला लावलंय.

परवा संध्याकाळी गारांचा पाऊस झाला. मी खिडकीत जीव मुठीत धरून. मादी बसलेली होती, पंख थोडे पसरून, चोच आभाळाकडे. फांदी अशी हलत होती की मला वाटलं संपलं. अर्ध्या तासाने थांबला, आणि अजून थेंब पडतायत तोवर नर कुठूनसा आला आणि शेजारच्या फांदीवरून त्याने ती शीळ घातली. दोनदा. मादीने अंग झटकलं, उडाली, आणि हा जाऊन बसला. त्या पाळीच्या बदलीआधीची ती शीळ मी आता रोज ऐकते, येतोय येतोय म्हणून सांगितल्यासारखी. हा माझा अर्थ, काका रागावतील.

मोहोळकाका:
रागावत नाही. तू जे बघितलंस ते लिहून ठेव, वेळ, तारीख, कोण बसलं, किती वेळ. अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात. दोन तीनच असतात. आणि खिडकीतूनच बघ, झाडाखाली जास्त रेंगाळू नकोस, कावळ्यांना आपण कुठे बघतो ते बरोबर कळतं.

वऱ्हाडी_बाप्पा:
हौ, कावळ्याचं काकांनी लाखाचं सांगितलं.

रानवाटा:
ताई, मूळ प्रश्न राहिलाच होता, गाण्याचा. बाप्पांकडे मेळघाटातलं एक जुनं रेकॉर्डिंग निघालं, त्यांच्या नातवाने फोनमधे टाकून पाठवलं. तुम्ही परवा खिडकीतून केलेलं माझ्याकडे होतंच. माझी बायको गाणं शिकवते, तिला पक्ष्यांतलं काही माहीत नाही, तिला दोन्ही ऐकवली, कुठलं कुठलं ते न सांगता.

खरखरीत आवाज आधी ऐकवले. ती म्हणाली एकच पक्षी आहे, एकदा जवळून एकदा लांबून. म्हणजे तिथे फरक शून्य. मग शीळ. पहिल्यांदा म्हणाली, हेही एकच. तिसऱ्यांदा ऐकल्यावर थांबवलं, हार्मोनियम काढली, आणि म्हणाली चाल एकच आहे पण पहिला (मेळघाटवाला) पटकन समेवर येतो, दुसरा (नैरोबीचा) शेवटचा स्वर चारपाच वेळा घोळवतो. दोन पक्ष्यांवरून जातीचा नियम करता येत नाही हे मला कळतं, त्यामुळे एवढंच सांगतो की या दोघांत हा फरक आहे.

जोबर्गकर:
आमचाही घोळवतो! सप्टेंबरात आला की लगेच रेकॉर्ड करतो. वहिनींना सांगा हार्मोनियम बाहेरच ठेवा.

मॉरिशसवाली:
मी रविवारी ब्रा द'ओला जाते. माझा पण पाठवते.

सुगरण_कोथरूड:
मी पक्ष्यांतलं काही कळत नाही म्हणून आले होते आणि आता चार दिवस सकाळी गॅलरीत चहा घेऊन ऐकत उभी राहते. आज एक खरखरीत आवाज आला, धावत गेले, तर कोतवाल. पण काकांनी सांगितलेल्या भावकीतलाच ना!

पारिजात_नैरोबी:
आज सकाळी साडेसहाला दोन पिल्लांच्या चोची दिसल्या. नर किडा घेऊन आला, घरट्याच्या काठावर बसला, भरवलं, मग नेहमीच्या फांदीवर गेला. लेक खिडकीत माझ्या आधी उभी होती, शाळेचा एकच बूट घालून. तिने ओठांवर बोट ठेवलं. त्याने शेवटचा स्वर सहा वेळा घोळवला, आम्ही दोघींनी मोजला.